साडूच्या पुढे, करंजाखाली

आज मी जो काही आहे, तो आमचे घरमालक अमृतकर काका यांच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाक्य वाचून तुमचा गैरसमज होईल. काका रोज सकाळी आपल्या नातेवाइकांच्या अंगावरून सायकल घालतात.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पलीकडे, टेकडीला लागून एक छोटंसं जंगल आहे. साग, खैर, करंज आणि मधूनमधून काळे दगड. त्यातून एक पायवाट उतरते. शेळ्यासुद्धा जिथे विचार करून पाय टाकतात, तिथून काका आपली जाड चाकांची सायकल खाली नेतात. वय साठीच्या पुढे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. हिवाळ्यात डोक्याला कानटोपी, कानटोपीवर हेल्मेट आणि पायांना भाच्याचे क्रिकेटचे पॅड.

वाटेतल्या प्रत्येक अडचणीला त्यांनी नाव दिलं आहे. वळणावर मधोमध बसलेला गोल, गुळगुळीत दगड म्हणजे साडू. आडवीतिडवी पसरलेली मुळं म्हणजे व्याही. कुठूनही जा, पायात येणारच. सगळ्यात उभा उतार म्हणजे सासूबाई. तिथे काका हेल्मेटला हात लावून नमस्कार करतात, बूड सीटच्या मागे नेतात आणि सुटतात.

"हिरामण, नातेवाईक आहेत," ते मला सांगायचे. "मान राखायचा. थांबायचं नाही."

मी सुरगाण्याकडचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. नोकरी शोधायला आलो आणि काकांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. मुलाखतीला गेलो की समोरच्या साहेबांकडे बघूनच माझी वाचा बसायची. काकांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी सायकल माझ्या हातात दिली आणि मला जंगलात नेलं. मी थेट साडूवर जाऊन आपटलो. पुन्हा गेलो, पुन्हा साडूच.

"तू त्यांच्याकडे बघतोस म्हणून त्यांच्यावर जातोस. जायचंय कुठे, तिकडे बघ ना."

पुढची मुलाखत अंबडच्या एका कारखान्यात होती. मधल्या खुर्चीतले साहेब गोल, गुळगुळीत होते. मी त्यांना लगेच ओळखलं. मान राखला, प्रश्न ऐकला आणि उत्तराकडे बघत बोलत गेलो. नोकरी लागली.

मात्र पाळी सकाळची मिळाली, आणि काका पुन्हा एकटेच जाऊ लागले.

मग एका रविवारी मी झोपलेलो असताना काकूंनी दार बडवलं.

"अरे, हे पडले. फोन आला आणि बंदच पडला. डोक्याला मार लागलाय रे, काहीबाही बोलत होते. म्हणे साडूच्या पुढे, व्याह्यांच्या अलीकडे पडलोय, हिरामणला पाठव."

"मग?"

"मग काय, मालेगावला ताईला फोन केला. भाऊजी बिचारे गल्लीच्या टोकापर्यंत बघून आले. तिथे कोणी नाही म्हणतात."

काकूंना सगळं समजावून सांगावं लागलं. सासूबाई तेवढ्या वगळल्या.

मी सायकल काढली. वाटभर मनात नको ते येत होतं. काका बेशुद्ध असले तर? साडूशी पोचलो तर मातीत घसरल्याची लांब खूण होती, सायकल आडवी पडली होती आणि काका नव्हते.

"काका!"

"ओरडू नकोस. हाडच मोडलंय."

वाटेच्या आतल्या बाजूला, करंजाखालच्या सपाट दगडाला टेकून ते बसले होते. एका हाताने दुसरा हात धरलेला. मी तिथेच खाली बसलो.

"कसे पडलात?"

"साडूकडे बघितलं," ते ओशाळून म्हणाले.

"आणि इथपर्यंत?"

"सरकत आलो. म्हटलं, तू येईपर्यंत हिरामणपाशी बसावं."

मला वाटलं, काकूंचं खरं होतं. "काका, हिरामण मी. आत्ता आलोय."

त्यांनी चांगल्या हाताने दगडावर थाप मारली. "हा रे. तुझी पाळी सुरू झाली तेव्हा ठेवलं नाव. इथे पाय टेकून पाणी पितो मी. बाकी कोणापाशी थांबत नाही."

गळपट्टीचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही. भरून आलं की सायकल चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी मात्र त्यांना विश्रांतीसाठी थेट मालेगावला, बहिणीकडे नेलं. म्हणजे साडूंकडे. फोन केला की साडूच उचलतात आणि स्पीकरवर लावतात. म्हणून मी पत्र लिहिलं.

*तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.*

*तुम्ही साडूंकडे इतके दिवस थांबला आहात, हे मी जंगलात कोणाला सांगितलेलं नाही. इकडे सगळे बरे आहेत. साडू जागेवर आहेत. व्याह्यांची माती वाहून गेल्याने ते जरा जास्तच वर आले आहेत. सासूबाईंना तुमचा नमस्कार सांगितला. सायकल हातात धरून, चालत.*

*यापुढे एकट्याने जायचं नाही, ही काकूंची अट मला मान्य आहे. साहेबांना सांगून मी दुपारची पाळी मागून घेतली. सकाळ मोकळी आहे.*

*करंजाखालचा दगड मी काल नीट बघितला. त्यावर दोघांना बसता येतं.*

*तुमचा,*
*हिरामण*