गच्चीवरचा राब

आमच्या सात पिढ्या शहापूरजवळच्या शेणवे गावात भात पिकवत आल्या आहेत. तेव्हा मला चार मिरच्या लावता येणार नाहीत असं म्हणणारा माणूस वेडाच असला पाहिजे. दुर्दैवाने तो माणूस माझे वडील आहेत.

त्याचं असं झालं, बाबांचे गुडघे गेले. घरामागचं शेत यंदा त्यांच्याने होणार नव्हतं. मी एकुलता एक, पण बारा वर्षं वाशिंदला कंपनीत, राहायलाही तिथेच. म्हणून शेत माझ्या चुलतभावाला, गोजरला, कसायला द्यायचं त्यांनी ठरवलं. गोजर माणूस चांगला आहे. पण लहानपणापासून "गोजरकडं बघ" ऐकून माझे कान किटलेत. आता आमच्याच बांधावर पाहुण्यासारखं उभं राहून त्याचं भात बघायचं, या विचाराने मला जेवण जाईना. मी म्हटलं, शेत मी करतो, रजा टाकून करतो.

बाबा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

"अक्षय तृतीयेपतुर एक मिरची जगवून दाखव," ते म्हणाले. "मंग बघू."

एक मिरची! मी त्याच रविवारी शहापूरच्या बाजारातून बारा रोपं आणली. कंपनीतली निळी प्लास्टिकची पिंपं मधोमध कापून घेतली आणि सोसायटीच्या सेक्रेटरी संजीवनीबाईंची रीतसर परवानगी काढून सहा अर्धी पिंपं गच्चीवर मांडली. भाताच्या घरातला माणूस पाणी देताना हात आखडत नाही. मी रोपांच्या घोट्यापर्यंत पाणी उभं केलं. भात अशा पाण्यात डोलतं. मिरच्या चौथ्या दिवशी कुजल्या.

माझी बायको हर्षाली मुरबाडकडची, तीही शेतकऱ्याचीच मुलगी. ती म्हणाली, पिंपाला खाली भोकं पाडा. मी ते हसण्यावारी नेलं, कारण माझ्या लक्षात खरी चूक आली होती. मी राब भाजला नव्हता.

आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. हा राब. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. राबाशिवाय रोप उभं राहत नाही, हे मी बाबांच्या तोंडून हजार वेळा ऐकलंय. ते भाताबद्दल बोलत होते ही बारीकशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली.

पुढच्या रविवारी सकाळी मी सहाही पिंपांत राब रचला. गोवऱ्या हर्षालीनेच माहेरून आणल्या होत्या, होळीसाठी, त्या उरल्या होत्या. ती म्हणाली, "अवो, पिंप प्लास्टिकचं हाय." मी म्हटलं, खाली माती आहे ना. ती माझ्याकडे बघून गप्प बसली. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बायका गप्प बसायला शिकतात, आणि ते वाईट असतं.

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे तो भडकत नाही, सावकाश भाजतो. हे मी अगदी बरोबर केलं. त्या दिवशी मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट, आणि तीच नडली. जाळ कुठे दिसेना, नुसता धूर. गच्चीवर संजीवनीबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्या आधी पिवळ्या झाल्या, मग करड्या. खालून कुणी खोकायला लागलं, कुणी खिडक्या आपटल्या. संजीवनीबाई वर आल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आवाज चढवत नाही.

"अनंता, मी परवानगी कुंड्यांची दिली होती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पहिलं पिंप म्हशीसारखं हळूच खाली बसलं. त्याच्या पोटातला निखारा घरंगळत पाण्याच्या टाकीखाली गेला. हर्षालीने घाबरून बाबांना फोन लावला आणि राब कसा विझवायचा म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, राब विझवत नसतात. मग त्यांनी विचारलं, कुठं लागलाय. ती म्हणाली, गच्चीवर. बाबा म्हणाले, निघालो. मग फोन बंद झाला.

राब विझवायचा प्रश्न आपोआप सुटला. त्या निखाऱ्याने टाकीची प्लास्टिकची नळी मऊ पडली, वाकली आणि फुटली. व्हॉल्व्ह होता, पण फुटलेल्या जागेच्या पुढे. सोळा घरांचं, एप्रिल महिन्यातलं, भरलेल्या टाकीचं पाणी राख, माती आणि कुरडया घेऊन गच्चीभर पसरलं. मी त्यात पायजमा वर करून उभा होतो.

दोन तासांनी बाबा आले. जीप बदलत आले आणि भिंतीला धरून चार मजले चढले. ते गुडघे घेऊन ते चढताना बघून मला स्वतःची लाज वाटली. दारात टेकून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"राब भाजला, पाऊस पाडला, चिखलनी केली," ते म्हणाले. "एका सकाळीत. आमाला चार महिने लागतात."

संजीवनीबाई हसल्या. त्या दिवशी त्या एकदाच हसल्या. मग त्यांनी शिक्षा सांगितली. प्लंबर उद्या येणार, तोवर खालच्या हौदातून प्रत्येक घरी पाणी मी पोचवायचं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी दोन हातांत दोन बादल्या घेऊन निघालो. बाबा पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिले. मी वर जाताना बघायचे, खाली येताना बघायचे. दिवस कलला तेव्हा शेवटची बादली संजीवनीबाईंच्या मोरीत रिकामी करून मी बाबांपाशी आलो.

"शेत यंदा गोजर करील," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. अपेक्षितच होतं. रिकाम्या बादल्या मी एकात एक घातल्या.

"पन मी बघत व्हतो. तू एकदा बी बसला नायस." ते भिंतीला धरून उठले. "लावनीला माणसं मिळत नाय गोजरला. तू ये. वाकून काम कराया अक्कल लागत नाय, पाठ लागते."

कंपनीत मी जुलैची रजा टाकली आहे. सुपरवायझरने कारण विचारलं, मी म्हटलं घरची शेती. तो म्हणाला, वा, शेतमालक! मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. गोजरचा निरोपही येऊन पोचलाय. मजुरांनी सकाळी सात वाजता बांधावर हजर राहायचं, आणि अनंताने खिशात काडेपेटी आणायची नाही.