कोणाची हरकत असल्यास

सावंतवहिनी भांडायला लागल्या की आमच्या बिल्डिंगमधली माणसं टीव्हीचा आवाज कमी करतात. भांडण चालतं मालवणीत आणि भांडणारी बाई असते मूळची स्वीडनची. घरी पाहुणा नवीन असेल तर त्याला आधी नुसता आवाज ऐकवायचा आणि मग गॅलरीत नेऊन बाई दाखवायची, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. पावणेसहा फूट उंची, एके काळी सोनेरी आणि आता पांढरे झालेले केस, सुती साडी, आणि तोंडात "मेल्या, तुका दिसणा नाय काय?" पाहुण्याचा चहा गार होतो.

नाव इंगा. लग्नानंतर ते बदलायची गरज कोणाला वाटली नाही. इंगा कसा दाखवतात ते आपल्याकडे आधीपासून माहीत आहेच.

दामू सावंत जहाजावर इंजिनात कामाला होता. तिकडच्या कुठल्याशा बंदरात ही भेटली. लग्न करून त्याने तिला बोरिवलीला आणलं आणि तीन आठवड्यांत गडी परत जहाजावर. मागे दोन खोल्यांत दोन बायका राहिल्या. एकीला मराठीचा गंध नाही आणि दुसरीला, म्हणजे कुडाळहून आलेल्या तिच्या सासूला, मालवणीखेरीज काही बोलायची इच्छा नाही. नऊ महिन्यांनी दामू परतला तेव्हा दोघींची त्याच्याविरुद्ध युती झालेली होती, आणि तीही अस्सल मालवणीत.

सासूकडून वहिनींनी भाषा उचलली, माशांची पारख उचलली आणि सगळ्या जगाला अरे-तुरे करणंही उचललं. पोस्टमन, डॉक्टर, नगरसेवक, सगळे 'तू'. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला तर नावही नाही. "सेक्रेटरी, हय ये," एवढंच.

माझं सांगायचं तर मला भांडण झेपत नाही. कोणी आवाज चढवला की मी विषय बदलतो. 'बघू', 'करू' आणि 'मीटिंगमध्ये घेऊ' या तीन शब्दांवर मी अठरा वर्षं सेक्रेटरीपद रेटलं आहे. त्यामुळे वहिनींशी माझं कधी वाजलं नाही. याचा मला अभिमान होता.

वहिनींचा इथे राहायचा परवाना दर वर्षी नवा करावा लागे. फॉर्मात एक रकाना असायचा, राहण्याचं कारण. त्यात त्या बरीच वर्षं 'नवरा' असं लिहीत. सहा वर्षांपूर्वी दामू गेला. मग त्या 'सासू' लिहायला लागल्या, कारण म्हातारी अंथरुणाला खिळलेली आणि तिचं सगळं करणारी हीच. गेल्या वर्षी म्हातारीही गेली. मूलबाळ नाही. या खेपेला वहिनी त्या रकान्यापाशी येऊन थांबल्या. कसंबसं एक वर्ष वाढवून मिळालं, पण खिडकीवरच्या माणसाने स्पष्टच सांगितलं, पुढच्या वर्षी 'नवरा-सासू होते' एवढ्या कारणावर कठीण आहे.

तिकडे बहीण आहे. तिने खोली रंगवून ठेवली आहे म्हणे. वहिनींना त्या खोलीचं नाव काढलेलं खपत नाही.

तेव्हा त्यांनी ठरवलं, आता नागरिकत्वच मागायचं. कागदपत्रांचा ढीग जमवायला लागला. भाषा येत असल्याचा दाखला हवा होता. त्यासाठी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि हात जोडून सही केली. मग हवी होती दोन भारतीय माणसांची प्रतिज्ञापत्रं, की अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे. एक दिलं त्यांच्या डॉक्टरांनी. दुसऱ्यासाठी वहिनी माझ्याकडे आल्या.

मी हो म्हणालो, पण घाम फुटला. शपथेवर लिहायचं होतं. बायको म्हणाली, "काय वाट्टेल ते लिहा, फक्त 'शांत स्वभावाच्या' एवढं लिहू नका. आत जाल."

खरी वाट लागली ती जाहीर निवेदनामुळे. नियम असा की अर्ज करणाऱ्याने पेपरात दोनदा छापायचं, मी नागरिकत्वासाठी अर्ज करत आहे, ते देऊ नये असं कोणाला वाटत असेल तर त्याने कारणासह लेखी कळवावं. मसुदा मीच वाचून दाखवला. 'कोणाची हरकत असल्यास' इथपर्यंत आलो आणि वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. ही बाई आयुष्यात मी कधी घाबरलेली पाहिली नव्हती.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "मी तर सगळ्यांशी भांडलंय."

त्या रात्री त्यांना झोप लागली नसणार. सकाळी त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं आणि पानांच्या पाठीवर यादी केली. आजवर ज्याच्या ज्याच्याशी भांडण झालं त्याचं नाव, मजला आणि कारण. लिफ्टचं दार उघडं ठेवणारे देसाई. टाकीचं झाकण. जिन्यातल्या चपला. बाजारातली एक कोळीण, बाजूच्या बिल्डिंगचा वॉचमन. बारा महिने पुरले नाहीत, जानेवारीच्या पानावर समासात लिहावं लागलं.

आणि मग त्यांनी ती चूक केली. यादी घेऊन त्या घरोघरी माफी मागायला निघाल्या.

मी जिन्यात अडवलं. म्हटलं, वहिनी, लोक विसरलेत, कशाला उकरून काढता? पण ऐकतील तर त्या सावंतवहिनी कसल्या. बेल वाजवायची, उभ्या उभ्या माफी मागायची आणि थेट विचारायचं, "तू माझ्याविरुद्ध लिवतलंस काय?"

लोक खरंच विसरले होते. देसायांना काही आठवेना, तेव्हा वहिनींनी त्यांना आठवण करून दिली, तारखेसकट. त्यांनी लिफ्टवरून देसायांना काय काय म्हटलं होतं, तेही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तोवर देसाई गालात हसत होते, मग हसायचे थांबले. आठवड्याभरात आमच्या बिल्डिंगमधली मेलेली भांडणं एकेक करून उठून बसली.

सगळ्यात वाईट झालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरांकडे. पाटणकर म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. पाणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी वॉर्ड ऑफिसला दोन पानी पत्र पाठवणारा माणूस. आठ वर्षांपूर्वी गच्चीवर त्यांच्या पापडांशेजारी वहिनींनी बोंबील वाळत घातले होते. वाऱ्याने दोरी तुटली आणि बोंबील पापडांवर. पाटणकरांच्या घरात कोणी मासे खात नाही. हे सगळं पाटणकरांच्या मनातून गेलेलं होतं. वहिनींनी माफी मागताना ते पुन्हा दाखल करून दिलं, वर हेही सांगितलं की चूक दोरीची होती आणि पापड तसेही जाड लाटलेले होते.

"मी लिहिणार आहे," एवढंच बोलून पाटणकरांनी दार लावलं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते माझं मला माहीत. वहिनी रोज सकाळी येऊन विचारायच्या, त्याने धाडलं काय? मी पाटणकरांच्या हातात पाकीट दिसतंय का ते जिन्यात उभा राहून बघायचो. वहिनींचं भांडण बंद झालं. लिफ्टचं दार उघडं राहिलं तरी गप्प. जिन्यात सगळ्यांना 'सॉरी' आणि 'थँक यू' म्हणायला लागल्या, अगदी पाहुण्यासारख्या. लोकांनी टीव्हीचे आवाज पुन्हा मोठे केले. मला ती शांतता सहन होईना.

शेवटी वांद्र्याच्या कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. मी बरोबर गेलो. साहेब चाळिशीचे, चष्मेवाले, थकलेले. फाइल उघडल्याबरोबर म्हणाले, "तुमच्याबद्दल एक पत्र आलंय."

पाटणकरांचं अक्षर मी उलट्या बाजूनेही ओळखलं. साहेबांनी दोन्ही पानं चाळली, मग पत्र बाजूला ठेवलं. म्हणाले, यात नागरिकत्वाला हरकत कुठेच नाही, सगळं पापडांबद्दल आहे. मी सुटकेचा श्वास सोडला.

पण साहेबांनी फाइलचं पुढचं पान उलटलं. यजमान नाहीत, सासूबाई नाहीत, मूल नाही. सख्खी बहीण तिकडे. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "मग इथे आता तुमचं कोण आहे?"

ज्या बाईने अख्ख्या बोरिवलीला उत्तरं दिली, तिला एवढ्याला उत्तर सुचेना. तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, त्याची लाज मला अजून वाटते.

मग वहिनींनी पिशवीत हात घातला आणि कॅलेंडरची गुंडाळी काढली. टेबलावर पसरली, कोपऱ्यावर साहेबांचाच पेपरवेट ठेवला.

"हे सगळे," त्या म्हणाल्या. "ह्या सगळ्यांशी मी भांडलंय. परक्याशी कोण भांडता रे?"

साहेबांनी ती नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. हसले नाहीत. यादीची झेरॉक्स काढून घेतली आणि फाइलला लावली. निर्णय वरून, दिल्लीहून येईल, वेळ लागेल, असं म्हणाले.

परतताना रिक्षात वहिनी बाहेर तोंड करून बसल्या होत्या. गुंडाळी माझ्या मांडीवर होती. सहज उघडली. देसाई, पाटणकर, कोळीण, वॉचमन, माझी बायकोसुद्धा दोनदा. मी माझं नाव शोधायला लागलो. जानेवारी ते डिसेंबर पाहिलं, समासातही पाहिलं. मी कुठेच नव्हतो. अठरा वर्षांच्या माझ्या चांगुलपणाचा असा निकाल लागला होता आणि मला फार वाईट वाटलं.

त्या गोष्टीला आता चार महिने झाले. दिल्लीहून अजून काही आलेलं नाही. बहिणीचा दर रविवारी फोन येतो. वहिनी रोज टपालपेटीत डोकावतात.

वांद्र्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन त्यांची बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं. मी आवाज चढवायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या खिडकीवर पडतं, कपडे खराब होतात, हे काय चाललंय? माझा आवाज मध्येच चिरकला.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग कमरेवर हात ठेवला.

"मेल्या सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सा खंय होतंस?"

आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.