हरभऱ्यातलं सुतक

चतुराबाईंच्या हरभऱ्यात भर दुपारी मयत झाली आणि खुरपण थांबलं. ऐकून लगेच कुणी घाबरू नका. गेलेला माणूस ताडकळसचा नव्हता, पेडगावचा नव्हता, आपल्या मुलखातलाच नव्हता. पण चतुराबाईंना घाम फुटला तो फुटलाच. उद्या सकाळी येलदरी धरणाचं पाणी कॅनॉलला येणार होतं, आणि रान तर अजून निम्मं गवतात. तशात पाणी सोडलं असतं, तर हरभऱ्याआधी गवतच माजलं असतं.

खरं म्हणजे चूक त्यांचीच. खुरपणाऱ्या टोळीची म्होरकी कडूबाई, आणि तिची भाची निकिता परभणीला बी.ए. करणारी. सुट्टीत मावशीबरोबर कामाला आली की ती खुरपता खुरपता ग्रीक लोकांच्या कथा सांगायची. कथा चालू असली की बायकांचे हात सपासप चालतात, हे बघून चतुराबाईंनीच तिचं खुरपं काढून घेतलं आणि तिला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसवलं. "तू निस्ती बोल. मजुरी तुला बी तेवढीच," त्या म्हणाल्या. स्वतःला असल्या गोष्टींत काडीचा रस नाही, हे सांगून झाल्यावर त्या दिवसभर नेमक्या निकिताशेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या.

बायका तिच्या कथेतल्या वेढा पडलेल्या शहरात पार गुंतल्या होत्या. तिथला थोरला राजपुत्र तर सगळ्यांचाच लाडका. दुसऱ्याची बायको पळवून आणली धाकट्या भावानं, आणि ते निस्तरायला रणात उभा हा. बापाचा लढाईचा टोप बघून तान्हं पोर रडलं, तर टोप खाली ठेवून पोराला कडेवर घेणारा. "जावई करावा तर आसा," असं कडूबाईनं भर रानात जाहीर केलं होतं.

आणि आज जेवणाआधी निकितानं त्याला मारून टाकलं.

"वैऱ्यानं त्याला रथाला बांधलं अन् धुळीतून फरफटत नेलं," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं उद्या."

कडूबाईनं खुरपं खाली ठेवलं. एकेक करत सगळ्या बायका धुऱ्यावर येऊन बसल्या.

"काय झालं गं?" चतुराबाईंनी विचारलं.

"मयत पडून हाय न्हवं, मालकीणबाई. माती होस्तोर रानात काम करत नसतेत."

"आगं कडूबाई, त्याला मरून तीन हजार वर्सं झाली."

"आपल्याला तर आत्ताच कळलं की. सुतक कळल्यापासून धरतेत."

लातूरच्या चुलत सासऱ्यांचं सुतक चतुराबाईंनी स्वतः कळलं त्या दिवसापासूनच धरलं होतं. त्या निकितावर घसरल्या. "ए पोरी, जित्ता कर त्याला."

"आसं कसं करता येईल, काकू? ट्रॅजेडी हाय ती. नायक कितीबी चांगला आसला तरी त्याला मरावंच लागतंय."

"बरं, मग माती तरी कर. कोनी न्हाई का त्याला मागंपुढं?"

"म्हातारा बाप हाय. पन त्यो उद्याच्या भागात येतोय."

"बापाला उद्या कशाला? आत्ताच बोलव त्याला."

निकितानं बापाला बोलावलं. म्हातारा राजा एकटाच वैऱ्याच्या तंबूत गेला. ज्या हातांनी आपला लेक मारला त्या हातांचा त्यानं मुका घेतला आणि म्हणाला, तुझ्याही म्हाताऱ्या बापाची आठवण कर. एवढा कठोर तो वैरी, पण ढसाढसा रडला. मग त्यानं प्रेत धुऊन, चांगलं वस्त्र पांघरून बापाच्या हवाली केलं. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. चतुराबाई सोललेले दाणे फेकून टरफलं सुपात टाकायला लागल्या होत्या.

"अन् चितेला आग दिली," निकिता म्हणाली.

"झाली माती," चतुराबाई घाईघाईनं म्हणाल्या. "उठा गं बायांनो."

कडूबाईनं घागरीतलं पाणी सगळ्यांच्या हातापायांवर घातलं आणि टोळी रानात उतरली. दुःखात काय बळ येतं बघा, दिवस मावळायच्या आत हरभरा लख्ख झाला. चतुराबाईंचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी त्यांचे यजमान माणिकराव बाजार करून मोटरसायकलवर घरी आले, तर ओसरीवर टोळीतल्या सगळ्या बायका गप्प बसलेल्या. मधोमध फडक्यानं झाकलेल्या टोपलीत भाकरी आणि पिठलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, घास शेजाऱ्यांनी आणायचा असतो. माणिकरावांच्या हातून वांग्यांची पिशवीच गळाली.

"कोन गेलं?"

"लय गुणाचा होता," कडूबाई म्हणाली. "तुमच्या रानात गेला, म्हून घास हितं आणलाव."

माणिकरावांनी घरातली माणसं मोजली, मग गोठ्यात डोकावून बैल बघितले. सगळे जागेवर होते. शेवटी निकितानं त्यांना सगळी हकिकत सांगितली, तसे ते पोट धरून हसायला लागले. "आगं चतुरे, त्याला मरून तीन हजार वर्सं झाली म्हनं."

चतुराबाईंनी तोंडाजवळ नेलेला घास खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

"मग? आपल्याला तर आजच कळलं की," त्या म्हणाल्या. "हसायलाव काय आसं? चपला काढा अन् बसा खाली."