दाजी आणि वाकडी तोंडं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान, बोलताना समोरच्याच्या हनुवटीकडे बघत.

लातुरात त्यांचा दातांचा दवाखाना होता. खिशात पेनाच्या जागी तोंड किती उघडतं ते मोजायची स्टीलची छोटी पट्टी. कुणी जांभई दिली की दाजी पुढे सरकत, "थांबा, मिटू नका!" एका लग्नात तर अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाच्या कानापुढे बोट ठेवलं आणि बजावलं, "जबडा कट्ट वाजायलाय. सुपारी बंद." एका प्रचारसभेत ते पुढच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "साहेब उघडताना डावीकडं जातेत, मिटताना उजवीकडं." सभा खदखदून हसली. कार्यकर्ते चिडून दवाखान्यापर्यंत मागे आले. दाजींनी त्यांचीही तोंडं मोजली.

गेल्या महिन्यात दाजी गेले. भेटायला आलेली माणसं हेच किस्से सांगत होती. कुणीतरी म्हणालं, "बायको गेली आन डोकं फिरलं बिचाऱ्याचं." पण ते खोटं आहे. पट्टी खिशात आली ती सुमनच्या हयातीत आणि तिच्यामुळे.

सुमन माहेरी रेणापूरला यायची ती येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला. शेतात सगळे भाज्या-डाळींची भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे हाणायचे. सुमन घास घेताना तोंड वाकडं करायची, अर्ध्यावरच उठायची. माझी बायको म्हणायची, "डॉक्टरीणबाईला आमचा उंडा कुठला गोड लागतोय!" एका वर्षी सगळ्यांदेखत मीच बोललो, "तोंड वाकडं करायचं असंल तर येऊच नको बाई."

"बरं दादा," ती म्हणाली. पुन्हा आली नाही. दाजींना तिनं सांगितलं, प्रवास सोसत नाही.

तिचा कान दुखायचा, पण कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडेना. शेवटी दाजींनी तिला आपल्याच खुर्चीत बसवून पट्टी लावली. तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं आणि उघडताना हनुवटी डावीकडे ओढली जात होती.

"दाताचं न्हाई, कानाचं न्हाई," दाजी मला म्हणाले. "जबड्याच्या सांध्यातली गादी सरकलीय. जिकडं अडकलंय तिकडं तोंड वळतंय. आन मी दातांचा डॉक्टर, रोज शेजारी बसून जेवत होतो!"

रात्री दातांवर घालायचा साचा, मऊ जेवण, जबड्याचा व्यायाम आणि सकाळी चहाच्या आधी मोजमाप. हळूहळू तिला आराम पडला. पण दाजींच्या मनानं घेतलं, गावात असे अजून किती जण गुपचूप सोसत जेवत असतील.

मला सगळं कळलं होतं. तरी तिला 'ये' म्हणालो नाही. थोरल्या भावानं कसं म्हणायचं? मग एका तापात ती गेलीच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या ओसरीवर शेंगा फोडता फोडता दाजी म्हणाले, "एक सांगा पाव्हणं. माझ्या घरी तर तिला घास जात नव्हता. हितं माहेरी तरी पोटभर जेवायची का हो?"

"हाव," मी म्हणालो. "लई."

दाजींचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," म्हणाले आणि शेंगांची मूठ माझ्यापुढे सरकवली.

आता ते नाहीत, म्हणून लिहितो. माझ्या घरून माझी बहीण उपाशी जायची.