झरवा नामाची उत्पत्ती आणि मुलूखगिरी

जगात मनुष्ये उदंड, त्यांस नावे ठेवणारी त्याहून उदंड. परंतु एखादे नाव मुळी कोठून उपजले, कोणी वाढविले आणि त्यापायी कोणाकोणाचा घसा बसला, याची हकीकत लिहून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. सबब हा बखरनवीस, पदरी ना जहागीर ना दरमहा, केवळ सत्याची चाड धरून, झरवा या नामाचा उगम व प्रसार जैसा जाहला तैसा लिहितो. वाचणारांनी सावरून बसावे आणि मध्ये कोणी हाक मारल्यास ओ देऊ नये.

बाजारपेठेच्या वळणावर, औषधांच्या दुकानास भिंत लागून, चष्म्यांचे एक दुकान होते, आणि त्या दुकानाचे धनी चष्मेवाले राव. राव स्वभावे मवाळ, इतके की भांडणाची चाहूल लागली की खिशातून मऊ फडके काढीत आणि समोर जी काच दिसेल ती पुसू लागत. आणि घरात भांडणाचा तोटा नसल्यामुळे त्यांच्या घरच्या खिडक्यांतून समोरच्या इमारतीतील लोकांच्या भुवयादेखील मोजता येत. त्यांचे कुटुंब बाईसाहेब तरणतलावावर पोहणे शिकवीत. बाईसाहेबांनी शिटी फुंकली की पाण्यातील माणूस जागीच थबके आणि काठावरील नवरेही ताठ बसत. ऐशा या उभयतांस कन्यारत्न जाहले, पेढीवर आणि तलावावर आनंद जाहला, आणि तो आनंद ओसरतो न ओसरतो तोच नावाची मसलत उभी राहून एका घराचे चार तट जाहले.

पहिला तट रावांच्या मातोश्रींचा. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढिले की मुलीस आमच्या आईचे नाव वेणू हेच ठेवावे, दुसरे ऐकून घेतले जाणार नाही. दुसरा तट रावांच्या सासरेबुवांचा. हे निवृत्त भूगोलशिक्षक. त्यांनी क्षितिजा हे नाव मुक्रर केले, आणि क्षितिज म्हणजे काय हे जो येईल त्यास बाल्कनीत नेऊन बोटाने दाखवू लागले. मग समोर पाण्याची टाकी आड येते म्हणून टाकीवरही रागावू लागले. तिसरा तट बाईसाहेबांचा, आणि तो सर्वांत बिकट, कारण त्यांस कोणते नाव हवे हे त्यांसही ठाऊक नव्हते. कोणते नको एवढेच पक्के होते.

“मी तलावात एक नाव घेऊन हाक मारली ना, तर पाच डोकी वर येतात,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलीला हाक मारली की एकच डोकं वर आलं पाहिजे. जे नाव दुसऱ्या कुणाचं आहे, ते नको.”

मग जे जे नाव पुढे येई त्याची त्या चौकशी करीत, आणि कोणाची मावसबहीण, कोणाची शेजारीण, एकदा तर कोणाची मांजर त्या नावाची निघे, आणि ते नाव तिथेच गारद होई. चौथा तट खुद्द रावांचा, परंतु तो उघड नव्हता. घरात कोणी नसता ते पाळण्याशी वाकून मुलीस हळूच “ठिपकू” म्हणत, आणि पावले वाजली की खोकत.

ऐसा वेढा पडला तो उठेना. मुलगी पालथी पडू लागली, बसू लागली, खालचे दोन दात चमकू लागले, परंतु नाव नाही. आजी तिला वेणू म्हणून भरवी, आजोबा क्षितिजा म्हणून खेळवीत, आई नुसतेच “ए राणी, ए पिल्लू, ए इकडे” म्हणे, आणि मुलगी ज्याच्या हातात चमचा असेल त्याकडे पाहून तोंड उघडी. येथपर्यंत सर्वांस ही गंमतच वाटत होती.

मग एके सकाळी बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेहमीप्रमाणे तपासणीस जाणे घडले. चारही तट सोबत गेले, कारण एकास मागे ठेविले तर दुसरा वाटेत नाव कायम करील ही धास्ती. डॉक्टरीणबाईंनी मुलीचे वजन केले, पोट दाबले, दात पाहिले आणि सहज पुसले, “हाक मारली की वळून बघते ना?”

तेव्हां चारही तट एकमेकांकडे पाहू लागले, मोठ्या पराभवानंतर छावणीत पाहतात तैसे. रावांनी आठवून पाहिले, बाईसाहेबांनी आठवून पाहिले, आणि दोघांची तोंडे उतरली. मुलगी कधीच वळली नव्हती.  रावांनी खिशात हात घातला आणि फडके मुठीत घट्ट धरून राहिले, पुसण्याचे भान राहिले नाही.

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पाठीमागे नेऊन एक लहान घंटी वाजविली. मुलगी गर्रकन वळली. खुळखुळा वाजविला, वळली. बाहेर कोणाची खुर्ची सरकली, तिकडेही वळली.

“कान तर उत्तम आहेत हिचे,” त्या म्हणाल्या. “घरी काय म्हणता तुम्ही हिला?”

“वेणू!” “क्षितिजा!” “म्हणजे, अजून तसं…” “ठिपकू,” ऐसे चार आवाज एकदम जाहले, आणि चौथा आवाज ऐकून बाकी तिघे रावांकडे पाहू लागले.

डॉक्टरीणबाईंनी घंटी मेजावर ठेविली. “मग तिनं वळायचं तरी कुणाकडे? मुलगी ठणठणीत आहे. आजारी तुम्ही आहात. पुढच्या वेळी येताना एक नाव ठरवून या. ठरलं नाही, तर हिला घरी ठेवा आणि तुम्ही चौघे तपासून घ्यायला या.”

हा हुकूम घेऊन सर्व मंडळी मान खाली घालून बाहेर पडली. रस्त्याने जाता जाता रावांनी मुलीकडे पाहिले. ती आजीच्या खांद्यावरून एकेकाचे तोंड न्याहाळीत होती. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचेमागून काच धरून “हे बरं की ते बरं?” पुसत गेले की शेवटी ते बिचारे सगळ्यालाच “बरं” म्हणते, तैसी तिची नजर जाहली होती, आणि ही गोष्ट रावांच्या मनास फार लागली.

घरी जाण्याचा धीर कोणास होईना, म्हणून मसलत दुकानातच बसली. परंतु दुकानाच्या पायरीवर आधीच एक गिऱ्हाईक ठाण मांडून होते. ते निवृत्त बस कंडक्टर. नोकरी संपताना त्यांनी गणवेश, शिटी, पिशवी, सर्व डेपोत जमा केले होते, आवाज तेवढा जमा करावयाचा राहिला होता. राव म्हणाले, तपासणी उद्या करू. कंडक्टर म्हणाले, आम्ही रांगेत आधी आहोत. मग रावांनी त्यांस खुर्चीवर बसविले, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरील अक्षरांचा तक्ता वाचण्यास सांगितले. आणि मागे बाकावर मातोश्री आणि सासरेबुवा यांची हलक्या आवाजात चकमक सुरू जाहली, मग आवाज हलका राहिला नाही.

कंडक्टर वरची ओळ धडाक्याने वाचून गेले, दुसरी गेले, तिसरीस अडखळले, आणि अगदी तळाच्या बारीक ओळीशी येऊन त्यांची गाडी थांबली. तेथे इ आणि ख ही अक्षरे होती. कंडक्टरांनी मान पुढे काढली, डोळा बारीक केला, आणि हार मानणे हे रक्तात नसल्यामुळे, पुढला थांबा पुकारावा तैसे गर्जून सांगितले, “झ… र… वाऽऽ!”

आणि मुलगी वळली.

प्रथम कोणाच्या ध्यानी आले नाही. रावांनी मात्र पाहिले. ते म्हणाले, “पुन्हा वाचा.” कंडक्टर वरची ओळ वाचू लागले. मुलगी आजीच्या बांगडीशी खेळत राहिली. “ती नको, शेवटची!” “झ, र, वाऽऽ!” मुलगी पुन्हा वळली, हसली, आणि लाळेचा एक फुगा काढून तिने तो फोडला. तेव्हां चकमक थांबली. बाईसाहेब उठल्या, सासरेबुवा उठले. आवाजाला वळत असेल, ऐसी शंका सासरेबुवांनी काढिली, म्हणून कंडक्टरांस तितक्याच जोराने “क्षितिजा” म्हणावयास लाविले. रस्त्यावरची दोन माणसे दुकानात डोकावली, मुलगी ढिम्म.

मग राव पुढे आले, मुलीसमोर गुडघ्यांवर बसले, आणि ज्या हळू आवाजात ठिपकू म्हणत त्याच आवाजात म्हणाले, “झरवा?”

तिने बांगडी सोडली आणि बापाकडे पाहिले. नुसते पाहिले नाही, कधीची वाट पाहत असावी ऐसे पाहिले. रावांच्या हातचे फडके गळून पडले आणि ते उचलावयाचे कोणास सुचले नाही.

बाईसाहेबांनी डोळे पुसून तत्काळ चौकशी चालविली. ज्ञात मुलुखात या नावाचे माणूस, मांजर वा दुकान नाही ऐसी खातरजमा जाहली. मातोश्री म्हणाल्या, “वेणू नाही तर नाही. पण क्षितिजा पण नाही ना? मग चालेल.” सासरेबुवांनीही हेच कलम उलट बाजूने मान्य केले, आणि तह जाहला.

राव म्हणाले, “पण तिथं खरं तर इ आणि ख—”

“तुम्ही काच पुसा,” बाईसाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे एकाच बैठकीत कंडक्टरांस चष्मा लागला आणि मुलीस नाव लागले.

आता मुलूखगिरीचे वर्तमान. दुकानात जो येई तो पुसे, काय ठेवलं नाव, आणि मग, अर्थ काय? राव प्रामाणिकपणे सांगत की अर्थ काही नाही. त्यावरून लोकांनी ताडिले की अर्थ फार खोल असावा, हा माणूस सांगत नाही. सासरेबुवा सांगू लागले की भूमीच्या पोटातून वाहणारा जो अदृश्य प्रवाह, तो झरवा. मातोश्रींनी सांगितले की आमच्या माहेरी हे नाव फार जुने आहे. बाईसाहेब सांगत की हे नाव कोणाचेच नाही. आणि जे कोणाचेच नाही ते प्रत्येकास हवे होते. मग औषधवाल्याची भाची झरवा जाहली, तलावावरच्या दोन पोहणाऱ्या बाळंत होऊन दोन झरवा घेऊन आल्या, कोपऱ्यावरच्या केस कापणारीने पाटी बदलून झरवा केली व बाईसाहेब दिसल्या की तीवर टॉवेल टाकू लागली, आणि कंडक्टरांच्या सुनेस मुलगी होताच घरात चर्चाच जाहली नाही. नाव वणव्यासारखे पसरले, आणि बाईसाहेबांस ते मुलगी बालवाडीत जाईपर्यंत कळले नाही, कारण ज्यांस ठाऊक होते ते त्यांच्या शिटीस भीत होते.

मग ती दुपार आली. बालवाडी सुटल्यावर मुले पलीकडच्या मैदानात खेळत होती. बाईसाहेब आणि राव मुलीस नेण्यास गेले, आणि बाईसाहेबांनी तलावावरच्या आवाजात हाक दिली, “झरवाऽऽ!”

घसरगुंडीवरून एक डोके वळले, वाळूतून दोन, झोपाळ्यावरून एक, आणि झाडामागून आणखी एक.

बाईसाहेबांचा चेहरा पाहून रावांनी फडके काढिले आणि जवळ दुसरे काही नसल्यामुळे घसरगुंडीचा पत्रा पुसू लागले. इतक्यात कंडक्टरांची बायको नातीस नेण्यास आली, आणि तिने आगीत तेल ओतिले.

“आमच्या झरवाला कशाला हाक मारता हो?”

“तुमची? अहो, हे नाव माझ्या मुलीचं आहे! तुम्ही उचललंत!”

“उचललं? आमच्या ह्यांनी वाचलं म्हणून तुम्हाला मिळालं. नाव आमच्या घरचं, तुम्ही फुकट वापरताय इतकी वर्षं.”

“वाचलं? चुकीचं वाचलं त्यांनी!”

“मग बरोबर वाचून बघायचं होतं! इख ठेवायचं होतं पोरीचं नाव!”

दोन्ही फौजा ऐशा भिडल्या की झोपाळे थांबले. शेवटी बाईसाहेब कडाडल्या, “नकोच मला हे नाव. ठेवा तुमच्याकडे. उद्याच्या उद्या मी हिचं नाव बदलते.”

तेव्हां रावांचा हात पत्र्यावर थांबला. जन्मात प्रथमच त्यांनी भांडणाच्या दिशेने पाऊल टाकिले.

“नाही बदलायचं,” ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण त्यांचा होता, म्हणून दोघी त्यांच्याकडे वळल्या.

“ती वळली होती,” राव म्हणाले. “तोपर्यंत आपल्यापैकी कुणाकडेच वळली नव्हती. ह्या नावाला वळली. ते कुणी वाचलं, बरोबर वाचलं की चुकून वाचलं, मला काही देणंघेणं नाही. मी ते नाव सोडणार नाही.” एवढे बोलून त्यांस घाम फुटला, परंतु ते मागे हटले नाहीत, आणि बाईसाहेब त्यांच्याकडे नवीनच माणूस भेटावा तैशा पाहू लागल्या.

मग कंडक्टरांच्या बायकोने मुलीसच मध्ये घेतले आणि पुसले, “काय गं, झरवा हे नाव कुणाचं?”

“माझं,” मुलगी म्हणाली.

“आणि मग ह्या सगळ्या?”

मुलीने वाळू भरलेले हात मागे बांधले, एकेकीकडे पाहिले, आणि सर्व मैदानास ऐकू जाईल ऐसा हुकूम फर्माविला. “घेऊ दे त्यांना. पण खेळून झालं की परत द्यायचं.”

हे सर्व झरवांस रास्त वाटले. कंडक्टरांची नात तर सर्वांत इमानी, ती पुढे आली आणि म्हणाली, “हे घे, दिलं परत.” मग क्षणभर उभी राहिली आणि तिचा ओठ थरथरू लागला. “आता मी कोण?” म्हणून तिने जो टाहो फोडिला त्याने तिची आजी आणि बाईसाहेब दोघी एकदम धावल्या, आणि तिला उचलण्यावरून कोणीही भांडले नाही. तेव्हां रावांच्या मुलीने क्षणाचाही विलंब न लावता नाव पुन्हा तिच्या हवाली केले, आणि म्हणाली, “बरं, उद्या दे.”

ऐसी झरवा नामाची फत्ते जाहली, रक्त सांडले नाही, वाळू थोडी सांडली. त्या दिवशी मैदानातून जितक्या झरवा निघाल्या तितक्या आपापले नाव घेऊन घरी पोहोचल्या. एकही नाव गहाळ जाहले नाही, ही नोंद कायम असावी.