कॅपची निगा

माणसाला फुकट मिळालेल्या दातांबद्दल कधीच आदर वाटत नाही. आदर सुरू होतो तो विकत घेतलेल्या दातापासून.

हेडक्लार्कसाहेबांच्या उजव्या जबड्यात चावण्यालायक एकच दाढ उरली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचं रूट कॅनल केलं, वर पांढरीशुभ्र कॅप बसवली आणि बजावलं, "ही गेली तर या बाजूला चावायला काही उरणार नाही. नीट जपा."

आता जपणं म्हणजे काय, हे साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता (बटणं बाहेरूनच दाबायची), सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, आणि पाहुण्यांनी शक्यतो खुर्चीत बसायचं. तेव्हा कॅपचंही धोरण लगेच ठरलं. चावणं सर्वस्वी डावीकडून. कडक, चिकट, गरम, गार यांना उजवीकडे प्रवेश बंद. ब्रश बाकीच्या दातांना दोन्ही वेळा, कॅपला मात्र अजिबात नाही, कारण ओरखडे पडतात. रोज सकाळी आरशात पाहणी (लांबूनच).

ऑफिसात त्यांनी आ वासून ती सगळ्यांना दाखवली. पाहणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांना ती आवडली (सगळ्यांच्या रजा साहेबांकडेच अडकल्या होत्या).

"अहो, तिथेही घासा की जरा," बायको नाकाला पदर लावून म्हणाली. "वास येतोय."

"नव्या वस्तूला सुरुवातीला वास येतोच," साहेब म्हणाले.

वर्ष सरतंय तोच हिरडी टम्म सुजली. डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला, आरसा घातला, बराच वेळ पाहिलं.

"कॅप अगदी नवीकोरी आहे हो!"

साहेबांचा ऊर भरून आला.

"खालची दाढ मात्र पार किडली. कडेने घाण साचत गेली. काढावीच लागेल."

खरंच वाईट वाटलं साहेबांना. बिचारी इतकी वर्षं विनातक्रार चावत आली होती.

"पण मी तर तिला बोटसुद्धा लावलं नाही!"

"तेच तर झालं ना," बाई म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या.

वाचकहो, हसू नका. मघापासून तुमची जीभ ज्या एका दाढेकडे सारखी चाचपडत जाते आहे, तिच्याबद्दल 'दुखत नाही ना, मग राहू दे' असं तुम्हीही कधीच ठरवून टाकलेलं आहे.