श्रीमती आज्ञावली यांची श्रेणीवाढ

जिल्हा बागायत प्रसार कार्यालय, वाशीम, यांच्या संकेतस्थळावर 'अर्ज करा' हे बटन दाबलं की पडद्यावर एक टमाटर येतं आणि गोल फिरू लागतं. पूर्वी ते तीन गिरक्या घेऊन थांबायचं आणि मागून अर्ज उघडायचा. आता ते थांबत नाही. ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास आली, तेव्हा नव्या भाजीबाजारातल्या चाळीस ओट्यांसाठी अर्ज भरायचे एकवीस दिवस उरले होते. अर्ज फक्त संकेतस्थळावरूनच घ्यायचे, कागद घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत धाडायचं, असा लेखी आदेश होता.

दुखणं काय आहे हे योगिनीला ठाऊक होतं. ती तिथली कंत्राटी संगणकचालक. संकेतस्थळ सजवायचं, चित्रं हलवायची, आवाज भरायचा, यासाठी कार्यालयात जे सॉफ्टवेअर होतं ते २००८ सालचं. त्यानं फिरवलेलं टमाटर आजचे मोबाइल ओळखतच नव्हते. कंपनीनं नवी आवृत्ती फुकट देऊ केली होती. रोज सकाळी पडद्यावर चौकट यायची, 'अपग्रेड करायचं?' खाली दोन बटनं, 'हो' आणि 'नंतर'. तासाभराचं काम! पण दर अकरा महिन्यांनी योगिनीच्या नेमणुकीवर नवी सही लागते, आणि न विचारता कुणी काही केलं की सही करणाऱ्याचं पेन नेमकं बिघडतं. म्हणून ती रोज 'नंतर' दाबायची.

अनसिंग गावी तिची आई हौसाबाई वांगी, मेथी न् सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवते आणि वाशीमला रस्त्याच्या कडेला बसून विकते. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पाटी उचलून पळायचं, गेली की परत बसायचं. साठीच्या गुडघ्यांना हे आता झेपत नव्हतं.

"ओटा भेटला त हे उठबस सुटंल," ती लेकीला म्हणायची. "तू त त्याच हापिसात हायस. न माह्या मोबाइलात काहून टमाटर फिरून राह्यलं?"

योगिनीनं टिपणी लिहिली: 'सॉफ्टवेअर अपग्रेड करण्यास मंजुरी मिळावी.' टिपणी गेली बडेबाबू, म्हणजे मुख्य लिपिक, माणिकरावांकडे. हे गृहस्थ बोलताना अस्सल वऱ्हाडी आणि लिहिताना थेट वेदकाळातले. त्यांनी लाल पेन उघडलं.

"मराठीले अभिजात दर्जा भेटला, न तुमी अजून सॉफ्टवेअर सॉफ्टवेअरच करून राह्यल्या?"

सॉफ्टवेअरची झाली आज्ञावली. अपग्रेडची झाली श्रेणीवाढ. 'विषय: आज्ञावली यांची श्रेणीवाढ' असं लिहिलेली फाइल, त्यांच्या भाषेत नस्ती, मग, जिथं श्रेणीवाढी होतात तिथं, म्हणजे आस्थापना शाखेत गेली. तिथं कुणीतरी बाईमाणसाचा मान राखून नावाआधी 'श्रीमती' लावलं.

पाचव्या दिवशी नस्ती शेरे घेऊन परतली. श्रीमती आज्ञावली यांचं सेवापुस्तक नाही. जन्मतारखेचा दाखला नाही. गोपनीय अहवाल नाहीत. शिवाय संबंधित कर्मचारी संगणक परीक्षा उत्तीर्ण असल्याचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, सबब श्रेणीवाढ देय होत नाही.

"बडेबाबू, अहो ते माणूस नाही, सॉफ्टवेअर हाय!" योगिनी ओरडलीच. "संगणकातच राह्यते ते!"

"मंग त परीक्षा पास व्हाले काहीच अडचण नाही," माणिकराव शांतपणे म्हणाले. "आन हे पाहा, आस्थापनानं एकदा श्रीमती लिहिलं की ते श्रीमती. शुद्धिपत्रक काढायचं त मुंबईची परवानगी लागते. त्याच्यापेक्षा सेवापुस्तक बनवा, सोपं पडंल."

अक्कल गहाण टाकायचीच तर पुरती टाकावी. योगिनीनं सेवापुस्तक बनवलं. सॉफ्टवेअर बसवलं तो दिवस रुजू दिनांक झाला. वीज गेलेले सारे दिवस रजेत टाकले. पन्नाशीपुढच्यांना परीक्षेतून सूट होती, म्हणून वय लिहिलं एक्कावन्न, म्हणजे बाई कार्यालयातल्या पहिल्या संगणकाहूनही थोरल्या निघाल्या. गोपनीय अहवाल कार्यालयप्रमुख साहेबांनी जातीनं भरला: 'काम होत नाही, परंतु कार्यालयात नियमित हजर असतात. उलट बोलत नाहीत. वारंवार विचारणा करतात, तथापि "नंतर" म्हटल्यास वाईट वाटून घेत नाहीत. प्रतवारी: अत्युत्कृष्ट.' साहेबांना यासाठी फारसा विचार करावा लागला नाही. त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना दिलेला शेराच त्यांनी उतरवून काढला होता.

आता तरी सुटलं म्हणावं, तर ज्येष्ठता यादी निघाली. आज्ञावलीबाईंच्या वर एकच नाव होतं, जिन्याखालचं टंकलेखन यंत्र, रुजू १९८३. ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला श्रेणीवाढ? न्यायालयात टिकलं नसतं. यंत्रानं हक्क सोडत असल्याचं लेखी द्यावं, असं ठरलं, आणि ते त्याच्यावरच टंकून घेण्यात आलं. त्यासाठी लागणारी रिबिन शोधायला अकोल्यापर्यंत माणूस धाडला, त्यात आठवडा गेला.

शेवटच्या दिवशी हौसाबाई पाटी घेऊन थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, टमाटर काही थांबून नाही राह्यलं. कागदावर लिहून घ्या न माहं नाव."

"मावशी, कागदाचा जमाना गेला आता," साहेब म्हणाले, आणि आज्ञावलीबाईंच्या चार किलोंच्या नस्तीवर एकोणिसावी सही केली.

संध्याकाळी अहवाल वर गेला: 'प्राप्त अर्ज शून्य. सबब शेतकऱ्यांना ओट्यांची गरज असल्याचे दिसून येत नाही.' आठ दिवसांत ओटे फोडून तिथं कार्यालयाच्या गाड्यांसाठी शेड उभी राहिली. काम इतकं झपाट्यानं होऊ शकतं हे पाहून सगळेच चकित झाले.

त्याच आठवड्यात आदेश आला: श्रीमती आज्ञावली यांना श्रेणीवाढ मंजूर. आता श्रेणीवाढ म्हटली की बदली आलीच. नवीन पदस्थापना, मानोरा. मग काय, निरोप समारंभ! संगणकाच्या पडद्यावर शाल पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला, बाईंनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही असं माणिकरावांनी भाषणात सांगितलं. संगणक जीपमध्ये चढवून रवाना केला. मानोऱ्याला आपलं कार्यालयच नाही, हे चालकाला तिथं पोचल्यावर कळलं.

योगिनीनं हे सगळं घरी आईला सांगितलं. हौसाबाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. ती एकदाही हसली नाही.

"ते 'हो' म्हंतेस ते, तुह्या बोटाखालीच होतं न?"

"होतं."

"रोज?"

"रोज, माय."

"मंग दाबलं काहून नाही व?"

योगिनीनं खाली मान घालून मेथी ओढून घेतली आणि जुड्या बांधू लागली. हौसाबाईनं पाटी भरली आणि रस्त्याच्या कडेची जागा धरायला निघाली.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर पहिल्याच दिवशी 'हो' दाबून मोकळे झालो असतो. वा, वा! मग तुमच्या बोटाखाली जे इतकी वर्षं दाबायचं राहिलंय, त्याची टिपणी सध्या कोणत्या टेबलावर आहे, तेवढं सांगा.